बाईच्या भुताला वाक्य का नसतं?

प्रश्न असा आला आहे: "मी मराठीत एम.ए. करते. प्रबंधिकेसाठी 'झपाटलेली वास्तू आणि स्त्रीची ओळख' हा विषय घेतला आहे. जिथे पाहावं तिथे एकच वाचायला मिळतं, की झपाटलेलं घर म्हणजे बाईच्या दडपलेल्या मनाचं प्रतीक. एवढं म्हणून भागेल का? आणि यात आपलं, इथलं काही आहे, की सगळं इंग्रजी कादंबऱ्यांतून आणावं लागेल?"

भागणार नाही. 'दडपलेलं मन' हे उत्तर कुठल्याही कथेला लावता येतं, आणि म्हणूनच ते कुठल्याच कथेच्या कामाचं नाही. तीसेक वर्षं साहित्य शिकवते आहे. दरवर्षी निदान दहा उत्तरपत्रिकांत हे प्रतीक भेटतं आणि दरवर्षी वाटतं, या मुलीने कथेतल्या घराच्या दारातच चपला काढल्या आणि तिथूनच ती परत फिरली. आत गेलीच नाही. मी विद्यार्थ्यांना दोनच गोष्टी शोधायला सांगते. घर कुणाच्या नावावर आहे? आणि भुताला बोलता येतं का?

दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण त्याचं उदाहरण प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. अमावास्येच्या रात्री तिथे आवाज ऐकू येतो असं म्हणतात. कसला आवाज? "काका, मला वाचवा!" अठरा वर्षांच्या त्या पेशव्याच्या भुताला पुरतं वाक्य आहे. कुणाला हाक मारतोय, कोण मरतंय, काय हवंय, सगळं तीन शब्दांत. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधलं डेन्मार्कच्या राजाचं भूत तर खुन्याचं नाव सांगतं, खून कसा झाला ते सांगतं आणि वर मुलाला कामाला लावतं.

आता तुमच्या आजोळच्या गावात जा आणि बाईच्या भुताबद्दल विचारा. काय ऐकू येतं? पैंजण. बांगड्या. हसणं. रात्री दळल्याचा आवाज. कुणी तरी केस मोकळे सोडून विहिरीच्या काठावर बसलेली दिसते. आवाज आहे, वाक्य नाही. वाड्यात त्या दिवशी नारायणरावांची बायको गंगाबाई गरोदर होती. पुढे १७७४च्या एप्रिलात पुरंदरावर तिला मुलगा झाला आणि पेशवाईचा वारस टिकला. तिचा आवाज वाड्यात कुणी ऐकल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आपलं इथलं काही आहे का, असं विचारलंत. भरपूर आहे, फक्त ते कथासंग्रहांत कमी आणि लोकांच्या बोलण्यात जास्त आहे. १९१५ साली एन्थोवेन या अधिकाऱ्याने कोकणातल्या लोकसमजुतींची टिपणं छापली. मूळ सामग्री जॅक्सनने गोळा केलेली, गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्नांची उत्तरं लिहून घेऊन. हा जॅक्सन म्हणजे नाशिकचा कलेक्टर, ज्याला अनंत कान्हेरेने २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात गोळ्या घातल्या. त्या रात्री तिथे 'शारदा' नाटक होतं, म्हाताऱ्याला विकल्या जाणाऱ्या मुलीचं. विषयांतर झालं खरं, पण कोकणातल्या बायकांची भुतं मास्तरांकडून नोंदवून घेणारा माणूस त्या नाटकाला गेलेला असताना मारला जातो, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

असल्या नोंदींत आणि म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी भुतांची जी वर्गवारी मिळते ती बघा. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली. जखीण म्हणजे नवरा जिवंत असताना, काही तरी इच्छा मागे ठेवून गेलेली. लावसट म्हणजे विधवा. हडळ बऱ्याच ठिकाणी या सगळ्यांची मिळून एक. गावागणिक हे अर्थ इकडचे तिकडे होतात, त्यावर वाद घालत बसू नका. मुद्दा वेगळाच आहे. बाई मेल्यावरसुद्धा तिचा अर्ज भरताना पहिला रकाना नवऱ्याचा आणि दुसरा मुलाचा. पुरुषांतही मुंजा आहे, सोडमुंज व्हायच्या आत गेलेला, पण त्याच्या पलीकडे पुरुषांचे रकाने किती तरी आहेत. बुडून मेला तर गिऱ्हा, धनावर किंवा विद्येवर जीव अडकला तर समंध.

आणि पुरुष भुताला बढती मिळते. दक्षिण कोकणात आणि गोव्यात देवचार हा हद्दीचा राखणदार आहे. त्याला विडी, दारू, कोंबडा पोचतो आणि चुकलेल्या माणसाला तो वाट दाखवतो असं मानतात. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला भुतांचा राजा वेतोबा म्हणून मोठ्या मानाने उभा आहे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजवतो म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, केळ्यांचे घड देतात. वेतोबाला चपला आहेत. हडळीची पावलं उलटी. एकाला फिरायला गाव दिलं, दुसरीला धड चालायला पाऊल दिलं नाही. बायका देवपदाला पोचत नाहीत असं मात्र नाही. पाणवठ्यावर साती आसरा असतातच. पण त्या बहुधा सातजणी मिळून एक. कुठली कोण, हे कुणी वेगळं विचारत नाही.

बाईचं भूत विहिरीपाशी का असतं, यालाही प्रतीक नको. बायका तिथेच मरत होत्या. "तिने विहीर जवळ केली" हा वाक्प्रचार भाषेत उगाच आलेला नाही. कानडीत 'केरेगे हार' नावाचं लोकगीत आहे. गावाच्या नव्या तळ्याला पाणी लागत नाही, म्हणून घरातली धाकटी सून भागीरथी तळ्याला द्यायचं ठरतं. ती माहेरी जाऊन येते, निमूट उतरते, पाणी लागतं. नवरा लष्करात. स्वप्न पडून तो धावत येतो आणि त्याच तळ्यात उडी टाकतो. विहिरीला पाणी लागावं म्हणून सून दिल्याच्या गोष्टी आपल्याकडेही आहेत. ज्या जागेच्या पायात बाई गेली ती जागा 'बरी नाही' असं लोक म्हणतात तेव्हा ते त्यांच्या परीने इतिहासच सांगत असतात.

या विषयातला माझा सगळ्यात आवडता पुरावा मात्र एका शब्दात आहे. आजारी बाईबद्दल आपण दबक्या आवाजात म्हणतो, "तिला बाहेरचं झालंय." म्हणजे भूतबाधा. आणि जिला पाळी आली ती 'बाहेर बसते'. शब्द तोच. बाळंतपणात किंवा पाळीत गेलेली बाई हडळ होते, असं का मानत असतील, याचं उत्तर या 'बाहेर'मध्ये आहे. ती घरात असून बाहेर असताना मेली. तिला परत आत घ्यायचा विधी व्हायच्या आधीच मेली. म्हणून ती अजून बाहेर उभी आहे. घर आणि बाई यांचं नातं एवढ्या कमी शब्दांत सांगणारा उतारा मला कुठल्या कादंबरीत सापडलेला नाही. प्रबंधिकेचं पहिलं प्रकरण यावर लिहा. कुणी लिहिलेलं नसेल तर तुमचं नाव होईल.

आता याची दुसरी बाजू. सुनेच्या अंगात काही आलं की देवऋषी किंवा घाडी समोर बसून काय विचारतो? "कोण तू? कुठली? काय पाहिजे तुला?" लग्नात जिचं नाव ताटातल्या तांदळात अंगठीने बदललं, जिला पुढे अमक्याची बायको आणि तमक्याची आई म्हणूनच हाक मारली, तिला तिचं नाव आणि तिची इच्छा घरच्यांसमोर विचारली जाते ती भूत झाल्यावर. आणि ती बोलते. सासूला अरेतुरे करते, साडी मागते, माहेरी पाठवा म्हणते. याचा अर्थ त्या बाधा उतरवण्याचं मी कौतुक करते असा घेऊ नका. त्या निमित्ताने बायकांना मारलं, डागलं, मिरचीची धुरी दिली, आणि २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, हे चांगलंच झालं. पण साहित्य वाचताना हे ध्यानात ठेवा, की झपाटलं जाणं हे कधी कधी बाईला मिळालेलं एकमेव व्यासपीठ असतं.

हे सगळं मनात ठेवून रवींद्रनाथांची 'जीवित ओ मृत' ही १८९२ची कथा वाचा. माझ्या मते या विषयावरची भारतातली सगळ्यात थोर कथा हीच. राणीहाटच्या जमीनदार शारदाशंकरांच्या घरातली विधवा भावजय कादंबिनी. माहेरी कुणी नाही, सासरी आपलं म्हणावं असं कुणी नाही, मूल नाही. दिराच्या लहान मुलावर तिचा जीव. एका श्रावणरात्री तिचं हृदय बंद पडतं. बोभाटा नको म्हणून चार माणसं घाईघाईने प्रेत मसणात नेतात. लाकडं यायला वेळ लागतो, दिवा विझतो, पाऊस लागतो आणि प्रेत हलतं. माणसं पळतात. परत येऊन बघतात तर प्रेत नाही. घरी मात्र सांगतात की दहन झालं.

इथपर्यंत कुणीही लिहिलं असतं. रवींद्रनाथांचा घाव पुढे आहे. कादंबिनीला जाग येते आणि तिला स्वतःलाच वाटतं, मी मेले. मी माझंच भूत आहे. का वाटू नये? जिवंतपणी त्या घरात तिची जी जागा होती आणि भुताची जी जागा असते, त्यांत असा काय फरक होता? ती बालमैत्रीण जोगमायेकडे जाऊन राहते. खाते, पिते, पण घरातल्या माणसांत मिसळत नाही, स्वतःच्या सावलीला भिते, आणि तिच्यामुळे घर भिऊ लागतं. त्या घराला भूत लागलंय ते एका जिवंत बाईचं.

शेवटी ती राणीहाटला परत येते. तिला बघून घरातली माणसं बेशुद्ध पडतात. दीर हात जोडून विनवतो, की आमच्या एकुलत्या पोरावर दृष्टी ठेवू नकोस, संसाराची माया सोड. ती ओरडून सांगते, मी मेलेले नाही हो! काशाची वाटी कपाळावर मारून घेते, रक्त काढून दाखवते. म्हणजे हिला वाक्य आहे. साधं, स्वच्छ, खरं वाक्य आहे. पण ते मानून घ्यायला घरात कुणी तयार नाही. मग ती अंतःपुराच्या तळ्यात उडी घेते. कादंबिनीने मरून सिद्ध केलं की ती मेलेली नव्हती, असं रवींद्रनाथ लिहितात, आणि ते वाक्य सगळ्या बंगालला पाठ आहे.

आता माझा पहिला प्रश्न लावा. घर कुणाच्या नावावर? बंगालात वारसाहक्काला दायभाग हा हिंदू कायदा चाले. त्यानुसार निपुत्रिक विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यावर हयातीपुरता हक्क होता, एकत्र कुटुंबातसुद्धा. कथेत याचा एका शब्दाने उल्लेख नाही, आणि दीर लोभी आहे असं रवींद्रनाथ कुठे सुचवतही नाहीत. हे मी माझ्या जबाबदारीवर म्हणते. पण कादंबिनी जिवंत असणं म्हणजे त्या घरावर एक हक्क जिवंत असणं, हे तिथल्या वाचकाला सांगावं लागत नव्हतं. ती भूत असणं सगळ्यांना सोयीचं होतं.

त्याच १८९२ साली, जानेवारीत, अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिलमन यांची 'द यलो वॉलपेपर' छापून आली. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नसणार. बाळंतपणानंतर खचलेल्या बाईला तिचा डॉक्टर नवरा एका भाड्याच्या हवेलीत वरच्या खोलीत ठेवतो. लिहायचं नाही, विश्रांती घ्यायची. खिडक्यांना गज, पलंग जमिनीला ठोकलेला. भिंतीच्या पिवळ्या कागदाच्या नक्षीमागे तिला एक बाई रांगताना दिसू लागते. ही हकीगत सांगणाऱ्या बाईला नाव नाही. गिलमनबाईंना सायलस वेअर मिचेल या नामांकित डॉक्टरने स्वतः असा 'आराम' लिहून दिला होता.

वर्गात सगळे त्या कागदापाशी थांबतात. मी पहिल्या पानावर थांबवते. बाई म्हणते, हे घर झपाटलेलं असतं तर काय बहार होती. पण एवढी मोठी हवेली इतक्या स्वस्तात का? वारसदारांचं काही तरी कोर्टकज्जाचं लफडं होतं म्हणून वर्षानुवर्षं रिकामी पडली होती. आणि या खुलाशाने तिचा हिरमोड होतो, भुताची मजाच गेली म्हणते. बघितलंत? लेखिकेने भूत आणि वारसाहक्क एका दमात शेजारी ठेवले आहेत. तुमच्या गावातलं 'ते' घरही बहुधा असंच भावकीच्या वादात बंद पडलेलं असेल.

शार्लट ब्राँटे यांच्या 'जेन आयर'बद्दल तुम्ही वाचलंच असणार, म्हणून चावून चोथा झालेलं सोडते. थॉर्नफिल्ड या घरात शिकवणीला आलेली जेन, घरमालक रॉचेस्टरने माळ्यावर कोंडलेली त्याची वेडी बायको बर्था, १९७९ सालचं गिल्बर्ट आणि गुबार यांचं गाजलेलं पुस्तक, हे सगळं ग्रंथालयात मिळेल. मी दोन-तीन जागा दाखवते. पहिली बाराव्या प्रकरणातली. जेन गच्चीवर जाते आणि मनाशी म्हणते की बायकांनाही पुरुषांइतकंच वाटतं, त्यांनाही आपल्या बुद्धीला काम हवं असतं. ही मांडणी संपते न संपते तोच तिला वरच्या मजल्यावरचं हसणं ऐकू येतं. व्हर्जिनिया वुल्फ यांना १९२९ साली हा सांधा खटकला, मध्येच हे हसणं कुठून आलं म्हणाल्या. मला वाटतं, वुल्फबाई तिथे चुकल्या. जेनला जे वाक्यात म्हणता येतं ते वरच्या बाईला फक्त हसण्यात. एकीचं वाक्य संपलं तिथे दुसरीचा आवाज सुरू झाला. सांधा तोच, आणि कादंबरीचा कणाही तोच.

दुसरी जागा पैशाची. बर्था मेसन बरोबर तीस हजार पौंड घेऊन आली. त्या काळच्या इंग्रजी कायद्याने बायकोची मालमत्ता लग्नासरशी नवऱ्याची होई. ते बदललं १८७० आणि १८८२च्या कायद्यांनी, आणि कादंबरी १८४७ची. थॉर्नफिल्डच्या त्या घरात जिचे पैसे आहेत ती माळ्यावर कोंडलेली. जेन मात्र काकाकडून आलेले वीस हजार चौघांत वाटून स्वतःचे पाच हजार हातात आल्यावरच रॉचेस्टरकडे परत फिरते, तेही बर्था मेल्याचं तिला ठाऊक नसताना. तिसरी जागा फार थोड्यांच्या लक्षात येते. बर्थाने म्हटलेलं म्हणून जे एक वाक्य आपल्यापर्यंत पोचतं, की मी याच्या काळजातलं रक्त पिऊन टाकीन, ते तिच्या तोंडून येत नाही. जखमी भाऊ सांगतो, ती असं म्हणाली. बहिणीचं एकमेव वाक्य भावाच्या जबानीत. आणि हे सगळं लिहिणारी बाई तरी कुठे स्वतःच्या नावाने लिहीत होती? मुखपृष्ठावर 'करर बेल' असं नाव होतं. आपल्याकडे १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेही विभावरी शिरूरकर या टोपणनावाने, आणि ही बाई खरी कोण, यावर गदारोळ झाला. लेखिकाच भूत होऊन वावरली म्हणा ना.

जीन ऱ्हिस यांचा जन्म कॅरिबियनमधल्या डॉमिनिकाचा, त्यामुळे बेटावरून आणलेल्या या वेड्या बाईचा घोर त्यांना लागला. १९६६ साली त्यांनी 'वाइड सारगॅसो सी'मध्ये बर्थाला वाक्य दिलं. तिचं नाव आंत्वानेत. नवरा तिला बर्था म्हणू लागतो. का? तर मला ते नाव आवडतं. ती म्हणते, बर्था माझं नाव नाही, दुसऱ्याच नावाने हाक मारून तू मला दुसरीच कुणी करू पाहतोयस, हाही ओबियाच. ओबिया म्हणजे तिकडचा जादूटोणा. मूळ नाव पुसून नवं नाव लावणं ही करणी आहे, चेटूक आहे, असं ती म्हणते. हे वाक्य मी वर्गात वाचते तेव्हा पुढच्या महिन्यात लग्न ठरलेल्या एक-दोघी असतातच, आणि त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. ऱ्हिसबाईंनी सूडही गोड घेतला आहे. अख्ख्या कादंबरीत नवऱ्याला नाव नाही.

डाफ्ने द्यु मोरिए यांच्या 'रेबेका'त (१९३८) हेच उलटं. मेलेल्या बायकोचं नाव, तिचं तिरकं अक्षर, सगळं घरभर. जिवंत बायकोला शेवटपर्यंत नाव नाही. शर्ली जॅक्सनच्या 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस'मध्ये (१९५९) एलिनॉरचं नाव तर घरच भिंतीवर लिहितं, घरी ये म्हणून. अकरा वर्षं आईचं दुखणं काढलेल्या तिच्या मालकीचं एकच, बहिणीबरोबरची अर्धी मोटार, आणि तीही न विचारता आणावी लागलेली. दोन्ही वाचा, पण प्रबंधिकेत त्यांना चार-चार पानांपेक्षा जास्त देऊ नका. त्यांवर फार लिहून झालंय.

टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड'ला (१९८७) मात्र स्वतंत्र प्रकरण द्या. मागची खरी घटना १८५६ची. मार्गारेट गार्नर ही गुलाम बाई मुलांना घेऊन गोठलेली ओहायो नदी ओलांडून पळाली, आणि पकडायला आले तेव्हा पोरगी परत गुलामीत जाऊ नये म्हणून तिने तिचा जीव घेतला. कोर्टात वाद काय, तर हिच्यावर खुनाचा खटला भरायचा की ही मालकाची मालमत्ता म्हणून परत पाठवायची. खुनी ठरली असती तर निदान माणूस तरी ठरली असती. तिला मालमत्ता ठरवून परत पाठवलं.

कादंबरीत १२४ नंबरच्या घरात त्या पोरीचं भूत आहे. तिचं खरं नाव आपल्याला कधीच कळत नाही. थडग्यावर 'बिलव्हेड' ही सात इंग्रजी अक्षरं कोरून घ्यायला आईकडे पैसे नव्हते. तिने दहा मिनिटं आपलं शरीर त्या पाथरवटाला दिलं. तेच भुताचं नाव झालं. आजी बेबी सग्ज हिला मालक जेनी म्हणत आला, कारण विक्रीच्या कागदावर तेच लिहिलेलं. सुटका झाल्यावर ती विचारते, मला जेनी का म्हणता? आणि घर? ते गोऱ्या बोडविन भावंडांचं. भूत, आई आणि आजी, तिघी दुसऱ्याच्या घरात. पण मॉरिसन यांनी केलेली खरी गोष्ट पुढची आहे. कादंबरीच्या मध्यात काही पानं भूत स्वतः बोलतं. विरामचिन्हं नाहीत, वाक्यं फुटलेली, गुलामांच्या जहाजाच्या तळघरातल्या गर्दीसारखी. आवाजाचं वाक्य होताना कसं दिसेल, याची इतकी अवघड नोंद दुसरी नाही. ती पानं मोठ्याने वाचा. मनात वाचून कळत नाहीत.

एक इशारा. उत्साहाच्या भरात प्रत्येक हडळीला बंडखोर ठरवू नका. हा हल्ली झालेला दुसरा चोथा. भुताची गोष्ट बाईला घाबरवायलाही सांगतात, तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नको, एकटी तिठ्यावर जाऊ नको. डाकीण ठरवून जिवंत बायकांची घरं जाळली गेली आहेत. आणि बाईची गोष्ट सुरू करून ती न सांगणंही असतं. रवींद्रनाथांचीच 'क्षुधित पाषाण' घ्या, १८९५ची. ओसाड महालात कापसाचा महसूल गोळा करणारा अधिकारी राहतो आणि रात्री त्याला एक इराणी दासी झपाटते. महाल सुचला तो अहमदाबादच्या शाहीबागेतल्या वास्तव्यात, १८७८ साली. त्याच साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ मुंबईत आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले. तर्खडकरांची मुलगी अन्नपूर्णा त्यांना इंग्रजी शिकवी, आणि त्यांनी तिला नवं नाव दिलं, नलिनी. (पुन्हा नाव!) कथेत ही सगळी हकीगत रेल्वे स्टेशनावर एक प्रवासी सांगतोय. त्या दासीची पूर्वकथा आता सांगतो, असं म्हणतो आणि तेवढ्यात गाडी येते. तिची गोष्ट राहूनच जाते. दुसऱ्यांदा वाचताना मला ती गाडी फार लागली.

सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचं पत्र तेच असणार. 'जीवित ओ मृत'चं मराठी किंवा हिंदी भाषांतर मिळवा. अर्ध्या तासात वाचून होईल. मग पेन्सिल घेऊन परत वाचा आणि कादंबिनीला कोण काय म्हणून हाक मारतं तेवढंच समासात लिहा. मोठी माणसं किंचाळतात, हात जोडतात, मूर्च्छा येऊन पडतात. आजारी पोरगा तापात डोळे उघडतो, तिला काकीमा म्हणतो आणि विचारतो, तू मेली होतीस का? ती हो म्हणते. मग तो विचारतो, परत आलीस ना, आता पुन्हा मरणार नाहीस ना? ती उत्तर देणार, तेवढ्यात दारात कुणी तरी येतं.